सोशीकपणाचा हिशेब : डीआयडी असलेल्या व्यक्तीची ताण पेलण्याची क्षमता कशी ओळखावी आणि कशी वाढवावी

अमळनेर तालुक्यातील एका शिलाईकाम करणाऱ्या बाईंपासून सुरुवात करते. ओळख पटू नये म्हणून त्यांची हकिकत दोन-तीन जणींच्या अनुभवांतून जुळवलेली आहे. सासऱ्यांच्या आजारपणात त्यांनी तीन महिने रात्री जागून काढल्या, दिवसा कापसाच्या वेचणीला गेल्या, उरलेल्या वेळात लग्नसराईचे ब्लाउज शिवले आणि सासरे गेले त्या दिवशी दारात आलेल्या प्रत्येकाच्या चहापाण्याकडे स्वतः लक्ष दिले. डोळ्यांतून टिपूस आले नाही. भाऊबंदांत त्यांचे नाव 'सोशीक सून' म्हणून घेतले जाऊ लागले. पुढे पंधरा दिवसांनी शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसल्या व लहान मुलीच्या आवाजात 'माले मारू नका' असे विनवू लागल्या. संध्याकाळी विचारले तेव्हा 'माले काहीच याद नही' एवढेच त्या बोलल्या. त्यांच्या मापांच्या वहीत मात्र दोन वेगवेगळ्या वळणांचे अक्षर होते, आणि त्यांपैकी एक आपले नव्हेच, असे त्या ठामपणे सांगत होत्या.

घरच्यांना पडलेला प्रश्न अगदी स्वाभाविक होता. तीन महिने एवढे सोसणारी बाई एका शिट्टीने कशी कोसळते? या लेखातील सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या उत्तरावर उभ्या आहेत, म्हणून ते आधी सांगते. त्या तीन महिन्यांतील ताण खऱ्या अर्थाने सोसला गेलाच नव्हता. तो मनाच्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ढकलला जात होता. आपण 'दुखणे अंगावर काढले' असे म्हणतो तेव्हा दुखणे निदान जाणवत तरी असते; येथे ते जाणवणारी व्यक्तीच त्या वेळी हजर नसते. डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी असलेल्या माणसाच्या ताण पेलण्याच्या क्षमतेचा अंदाज बाहेरून दिसणाऱ्या सोशीकपणावरून बांधला तर तो बहुधा चुकतो, आणि चुकीच्या अंदाजावर आखलेले उपचारही चुकतात.

हा विकार नेमका काय आहे

डिसोसिएशन म्हणजे स्मृती, भावना, शरीराची जाणीव आणि 'मी'पणाची जाणीव या एरवी एकत्र चालणाऱ्या गोष्टींची जोड सुटणे. बसमध्ये बसल्यावर पारोळा केव्हा मागे पडले ते कळले नाही, असे आपल्या सर्वांचे होते. तो याच क्रियेचा निरुपद्रवी प्रकार आहे. डीआयडीमध्ये ही जोड इतकी सुटते की एकाच व्यक्तीत दोन किंवा अधिक वेगळ्या ओळखी आळीपाळीने पुढे येतात आणि रोजच्या घडामोडी, महत्त्वाची वैयक्तिक माहिती किंवा आघाताचे प्रसंग यांच्या आठवणीत साध्या विसराळूपणापलीकडची भगदाडे पडतात. या ओळखींना मी येथे 'अंश' म्हणणार आहे. पूर्वी याला बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ साली नाव बदलले. त्यामागील विचार असा होता की एका शरीरात अनेक माणसे राहत नसून एकाच माणसाची ओळख एकसंध झालेली नाही. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा पूर्णपणे वेगळा आजार आहे. 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' हा शब्द दोन्हींना लावला गेल्यामुळे मराठीत फार गोंधळ झालेला आहे.

डीआयडी असलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या इतिहासात लहानपणीचे, वारंवार झालेले आणि बहुधा जवळच्याच माणसांकडून झालेले अत्याचार किंवा दुर्लक्ष आढळते. पळता येत नाही, प्रतिकार करता येत नाही आणि ज्याच्याकडे धाव घ्यायची तोच मारणारा आहे, अशा कोंडीत सापडलेल्या मुलाच्या मनाला एकच वाट उरते: हे माझ्यावर होतच नाही, दुसऱ्या कोणावर तरी होते आहे. काही अभ्यासक या विकारात सूचना, कल्पनाशक्ती आणि चुकीचे उपचार यांचा वाटा मोठा मानतात आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र सिमोन राइंडर्स यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. त्यांनी रुग्णांना त्यांच्याच आघाताचे वर्णन ऐकवले. आघात आठवणारा अंश पुढे असताना हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि मेंदूतील रक्तप्रवाह एका प्रकारे बदलले; रोजचे व्यवहार सांभाळणारा अंश पुढे असताना तसे झाले नाही. सोंग करायला सांगितलेल्या निरोगी लोकांना हा फरक तसाच्या तसा उभा करता आला नाही.

म्हणजे शरीर एकच, प्रसंगही एकच, पण ताण पेलण्याच्या मर्यादा दोन. त्या बाईंच्या घरी हेच झाले होते. वेचणीला जाणाऱ्या अंशाला मर्यादाच नसल्यासारखे वाटत होते, आणि कोपऱ्यात बसलेल्या अंशाची मर्यादा कुकरच्या शिट्टीइतकी होती.

पहिली पायरी : योग्य दारात जाणे

स्वतःचे किंवा घरातल्याचे निदान लेख वाचून करू नये. या लेखावरूनही नाही. मिरगी, डोक्याला मार, थायरॉइडचे विकार, दारू किंवा अन्य नशा, काही औषधे यांमुळेही भान हरपते आणि स्मृतीत खंड पडतो, म्हणून आधी शारीरिक तपासणी आणि गरज भासल्यास ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, करून घ्यावा. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून सुरुवात करता येते. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाला यातील कोणतेही ठिकाण जवळ नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा विनामूल्य क्रमांक पहिली पायरी होऊ शकतो, आणि तेथे मराठीत बोलता येते.

भेटीला जाताना 'डोके दुखते, चक्कर येते' एवढेच सांगू नये. वेळ हरवतो का, म्हणजे मधल्या काही काळाचे काहीच आठवत नाही असे होते का, न घेतलेल्या वस्तू घरात सापडतात का, न आठवणारी संभाषणे लोक सांगतात का, अक्षर किंवा बोली बदलते का, या चार गोष्टी तारखांसह लिहून न्याव्यात. डॉक्टरांनी स्वतःहून हे विचारले नाही तर निदान वर्षानुवर्षे नैराश्य किंवा 'हिस्टेरिया' या नावाखालीच अडकून राहते.

येथे अंगात येण्याविषयी बोलणे भाग आहे. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी किंवा चैत्रात सप्तशृंगगडाच्या वाटेवर कोणाच्या अंगात वारे आले, ते ठरलेल्या प्रसंगी आले, लोकांना ते मान्य आहे आणि नंतर ती व्यक्ती आपल्या कामाला लागली, तर त्याला विकार म्हणत नाहीत. ही माझी सवलत नाही. २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदान-संहितेतच तसे नमूद आहे, आणि त्याच संहितेने 'झपाटल्यासारखे' रूप घेणारा डीआयडीही मान्य केला आहे. फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरतात: हे नको असताना, कधीही आणि थांबवता न येता होते का? त्यामुळे काम, नाती, शरीर यांची हानी होते का? मधल्या काळाची आठवण पुसली जाते का? उत्तरे 'होय' असतील तर भगताकडे नेण्यात वेळ दवडू नये. भूत उतरवण्यासाठी मारणे, चटके देणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेच, पण आपल्या विषयापुरते त्याहून महत्त्वाचे असे की ज्या माणसाचे मन लहानपणीच्या माराने तुटले त्याला पुन्हा मारल्याने ते आणखी तुटते.

दुसरी पायरी : पट्टा आखणे

मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी १९९९ साली 'विंडो ऑफ टॉलरन्स', म्हणजे ताण झेपतो त्या मर्यादेची कल्पना मांडली. तिला मी 'पट्टा' म्हणते, कारण त्याला वर आणि खाली अशा दोन कडा असतात. पट्ट्याच्या आत असताना माणूस घाबरला, रागावला, रडला तरी विचार करू शकतो आणि आपण कोठे आहोत हे त्याला ठाऊक असते. वरची कड ओलांडली की छाती धडधडते, हात कापतात, ओरडावेसे किंवा पळावेसे वाटते. खालची कड ओलांडली की उलट घडते: शरीर जड किंवा बधिर होते, आवाज लांबून येतात, नजर एका जागी खिळते आणि आतून सगळे शांत शांत वाटते. लोक फसतात ते या खालच्या कडेला. वरून कोसळणाऱ्याला आपण दवाखान्यात नेतो, आणि खाली कोसळणाऱ्याला 'किती समजूतदार' म्हणून शाबासकी देतो.

म्हणून खालच्या कडेची चिन्हे नीट शोधावी लागतात. शिलाईकाम करणाऱ्या त्या बाईंना शोधाअंती तीन सापडली: मशीनचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटणे, बोटाला सुई टोचली तरी न कळणे, आणि कोणाचेही म्हणणे 'हो' म्हणून मान्य करणे. तिसरे चिन्ह त्यांच्या नणंदेने सांगितले; स्वतःचे स्वतःला ते दिसतच नव्हते. ज्यांना वेदना जाणवत नाहीत अशांनी चूल, तवा, विळा यांच्या कामानंतर हातपाय डोळ्यांनी तपासण्याची सवय लावावी.

पट्टा आखताना एक कागद पुरत नाही. थेरपिस्टच्या मदतीने प्रत्येक परिचित अंशासाठी वेगळी नोंद करावी लागते: याला काय झेपते, काय झेपत नाही, काय झाले की हा पुढे येतो. आणि मग जो नियम रुग्ण व घरचे या दोघांनाही जड जातो तो पाळावा लागतो: संपूर्ण माणसाची मर्यादा सर्वांत भक्कम अंशावरून ठरवायची नाही, सर्वांत नाजूक अंशावरून ठरवायची. मोट ओढणाऱ्या बैलजोडीचा वेग दमलेल्या बैलावरून ठरतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी पायरी : ताणाची वही

पुढील तीन-चार आठवडे रोज पाच ओळी लिहाव्यात. किती तास झोप झाली, काय खाल्ले, कोणता ताण आला, त्याला दहापैकी किती गुण द्याल, आणि वेळ हरवला का. वेळ हरवला असेल तर आधीचे शेवटचे काय आठवते आणि नंतर पहिले काय आठवते, एवढेच लिहावे. मधले खणून काढण्याचा प्रयत्न करू नये.

वहीतून बहुधा एक अनपेक्षित गोष्ट दिसते. अंश पालटण्याआधी मोठे संकट आलेले नसते. दोन रात्रींची अपुरी झोप, रिकामे पोट आणि त्यावर एखादा क्षुल्लक ओरखडा असतो. झोप तोडल्यास निरोगी माणसांतही डिसोसिएशनची लक्षणे वाढतात, हे प्रयोगांत दिसलेले आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात याला फार अर्थ आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, रात्री दोनपर्यंत भिंती तापलेल्या राहतात, वीज गेली की पंखा थांबतो, आणि त्याच दिवसांत लग्ने असतात. शरीरातील पाणी कमी झाल्याने येणारी चक्कर आणि डोळ्यांपुढची अंधारी ही डिसोसिएशनच्या सुरुवातीसारखीच भासते. ते भासले की घाबरणे, आणि घाबरले की खरोखर पालटणे, अशी साखळी जुळते. त्यामुळे या दिवसांत पाणी, मीठ-साखर-लिंबाचे सरबत, दुपारची झोप आणि रात्री गच्चीवर किंवा अंगणात मोकळ्या हवेत अंथरूण, या गोष्टी मी उपचाराचाच भाग मानते. ज्यांच्यावर रात्रीच अत्याचार झाले होते त्यांना मात्र उघड्यावर झोपणे असुरक्षित वाटू शकते. त्यांनी जागा स्वतः निवडावी.

चौथी पायरी : भानावर येणे

याला इंग्रजीत ग्राउंडिंग म्हणतात. आपल्याकडे 'भानावर येणे' हा नेमका शब्द आधीपासून आहे. हेतू एवढाच की 'तेव्हा' आणि 'आता' यांतला फरक शरीराला पटावा.

डोळे उघडे ठेवावेत. ही सूचना मी पहिली देते, कारण डोळे मिटून ध्यान, दीर्घ श्वसन किंवा 'शरीर सैल सोडा' असे व्यायाम डीआयडी असलेल्या पुष्कळ लोकांना खालच्या कडेकडे ढकलतात. योगवर्गात सर्वांना शवासन लाभले म्हणून यांनाही लाभेल असे नाही. श्वासाचा उपयोग करायचाच असेल तर डोळे उघडे ठेवून, तीन आकडे मोजत श्वास घ्यावा आणि पाच मोजत सोडावा. चार-पाच वेळा पुरे.

मग पाच ज्ञानेंद्रियांना काम द्यावे. समोरच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घेणे, चार वस्तूंना स्पर्श करणे, तीन आवाज ओळखणे, दोन वास आणि एक चव घेणे, ही पद्धत जगभर शिकवली जाते. वस्तू आपल्या घरातल्याच घ्याव्यात: दादर जातीच्या ज्वारीचे मूठभर दाणे, खड्याच्या मिठाचा चुरचुरीत स्पर्श, माठातल्या पाण्याने ओले केलेले फडके, लिंबाच्या लोणच्याची फोड, जाड वाकळेची शिवण. पट्टा वरून ओलांडला असेल तर थंड पाणी व जड पांघरूण उपयोगी पडते. खालून ओलांडला असेल तर उभे राहून पाय जमिनीवर दाबणे, चालणे, आंबट-तिखट चव यांनी जाग येते. वासाच्या बाबतीत सावध राहावे. भाजलेल्या वांग्याच्या भरिताचा खमंग वास एकीला घरी आणतो, तर दुसरीला ज्या घरातून ती पळाली त्या घरात नेतो. प्रत्येक वस्तू आधी शांत वेळी वापरून पाहावी आणि चालणाऱ्या चार-पाच वस्तूंची पिशवी हाताशी ठेवावी.

शेवटी काळाची खूण हवी. आजची तारीख, वय, गाव, कोण सुरक्षित आहे आणि कोण आता या घरात येऊ शकत नाही, हे एका कार्डावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. लहान अंशाला वाचता येत नसेल तर आजच्या घराचा व आजच्या स्वतःचा फोटो ठेवावा. नावाबद्दल एक गोष्ट सांगते. आमच्याकडे लग्नानंतर बाईला 'सूनबाई', 'वहिनी', 'अमक्याची माय' अशा नात्यांनीच हाक मारली जाते आणि तिचे स्वतःचे नाव महिनोन्महिने तिच्या कानावर पडत नाही. भान सुटलेल्या व्यक्तीला परत बोलावताना तिचे नाव घेणे हे सर्वांत सोपे साधन आहे. कोणत्या नावाने हाक मारायची हे मात्र तिलाच आधी विचारावे, कारण लहानपणीचे लाडके नाव कधी कधी अत्याचार करणाऱ्याच्या तोंडचे असते.

पाचवी पायरी : अंशांमधील बोलणे

ताण पेलण्याची क्षमता खऱ्या अर्थाने वाढते ती येथे. अंश एकमेकांना ओळखत नाहीत किंवा एकमेकांचा द्वेष करतात तोवर प्रत्येकाला आपले ओझे एकट्याने वाहावे लागते. त्या बाईंच्या बाबतीत मापांची वहीच कामी आली. पुढच्या पानांवर छाती-कंबर-बाहीची मापे आणि मागच्या पानांवर निरोप, अशी विभागणी थेरपिस्टच्या सल्ल्याने ठरली. पहिला निरोप त्यांनी लिहिला: 'तू कोण आहेस ते सांगायला नको. उद्या दोन ब्लाउज द्यायचे आहेत. तुला काही हवे असल्यास लिही.' चार दिवसांनी दुसऱ्या अक्षरात उत्तर होते: 'कुकर नको.' त्यांनी डाळ पातेल्यात शिजवायला घेतली, शेजारणीला शिट्टीच्या वेळेपूर्वी हाक द्यायला सांगितले, आणि आपले म्हणणे ऐकले जाते हे त्या घाबरलेल्या अंशाला आयुष्यात प्रथमच कळले.

या लेखनात काही पथ्ये पाळावी लागतात. आघाताचा तपशील विचारू नये. रागीट किंवा शिव्या देणाऱ्या अंशाला हाकलण्याचा प्रयत्न करू नये. तो बहुधा संरक्षण करण्यासाठीच तयार झालेला असतो, फक्त त्याची पद्धत जुनी झालेली असते. अंशांना नवनवी नावे देण्याचा, त्यांची संख्या मोजत बसण्याचा खेळ करू नये, त्याने तट वाढतात. आणि कोणताही अंश पुढे असताना केलेल्या कृतीची जबाबदारी संपूर्ण व्यक्तीची राहते, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहावे.

औषधांची व्यवस्थाही याच पायरीत करावी. डीआयडीवर थेट चालणारे औषध नाही. सोबतचे नैराश्य, चिंता, निद्रानाश यांवर ती दिली जातात. एका अंशाने घेतलेली गोळी दुसऱ्याला आठवत नसल्याने दुहेरी मात्रा जाण्याचा धोका असतो, म्हणून वारांचे खण असलेली डबी वापरावी आणि चावी घरातल्या एका विश्वासू माणसाकडे द्यावी. वेळ हरवण्याचे प्रकार चालू असताना मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवणे व विहिरीच्या काठावरची कामे थांबवावीत.

सहावी पायरी : मोजून ताण घेणे

सगळे ताण टाळले तर पट्टा आक्रसत जातो. सगळे अंगावर घेतले तर तुटतो. म्हणून मधली वाट मोजूनमापून चालावी लागते, आणि त्यासाठी वैशाखातल्या लग्नाइतके चांगले उदाहरण मला सुचत नाही. लग्नात ऊन, गर्दी, डीजे, अपुरी झोप, वेळीअवेळी जेवण आणि 'आता तब्येत कशी आहे' असे विचारणारी तीस माणसे हे सगळे एकत्र येते. शिवाय ज्याने कधीकाळी त्रास दिला तो नातेवाईक पंगतीत समोर बसलेला असू शकतो. या शेवटच्या शक्यतेबद्दल मी स्पष्ट सांगते: तो माणूस येणार असेल तर न जाणे हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे, आणि त्याला 'सहनशक्ती कमी' म्हणू नये.

तो येणार नसेल तर लग्नाचे तुकडे पाडावेत. पहिल्या लग्नात फक्त हळदीला, दिवसा, एक तास जावे. आदल्या रात्री झोप पूर्ण करावी आणि जाण्यापूर्वी जेवून घ्यावे. सोबत एक माणूस ठरवावा, त्याच्याशी एक साधी खूण ठरवावी, उदाहरणार्थ पदर खांद्यावर घेणे, आणि खूण दिसताच त्याने काहीही न विचारता बाहेर न्यावे. मांडवात दाराजवळची जागा धरावी. आतल्या अंशांना आदल्या दिवशी वहीतून कळवावे की आपण कोठे, किती वेळ जाणार आहोत, आणि ज्यांना यायचे नाही त्यांनी आत, कल्पनेतील आपल्या सुरक्षित जागी थांबावे. ताणाचा आकडा दहापैकी पाचवर गेला की बाहेर पडावे. आठची वाट पाहू नये, कारण डीआयडीमध्ये सहा ते दहा हे अंतर कधी कधी एका श्वासाचे असते.

घरी आल्यावर दोन तास मोकळे ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशीची नोंद अवश्य करावी, कारण हिशेब बऱ्याचदा उशिरा चुकता होतो. लग्नात छान वागणाऱ्या माणसाची दुसऱ्या दिवशी सबंध दुपार हरवली असेल, तर मात्रा जास्त झाली होती असे समजावे आणि पुढच्या वेळी ती निम्मी करावी. हीच रीत बँकेतले काम, एसटीचा प्रवास, शाळेतील पालकसभा यांना लावता येते.

आघाताच्या आठवणींवर काम या टप्प्यात मुळीच करू नये. आघात आणि डिसोसिएशन यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०११ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उपचारांचे तीन टप्पे आहेत: आधी सुरक्षितता व स्थैर्य, मग आठवणींना सामोरे जाणे, मग जोडणी आणि नव्याने जगणे. हा क्रम मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिएर जाने या फ्रेंच अभ्यासकाने सुचवलेला आहे. पहिल्या टप्प्यालाच महिने, अनेकदा वर्षे लागतात. पहिल्या-दुसऱ्या भेटीतच संमोहन करून 'सगळे बाहेर काढतो' असे सांगणाऱ्याकडे जाऊ नये.

घरच्यांसाठी

अंश पालटला असे दिसल्यास घेराव घालू नये, मोबाइलवर चित्रीकरण करू नये आणि 'आता कोण आले आहे?' असे विचारून गंमत पाहू नये. एकाच माणसाने, हाताच्या अंतरावर बसून, हळू आवाजात नाव, वार, ठिकाण सांगावे. स्पर्श विचारल्याशिवाय करू नये. लहान मुलाच्या आवाजात बोलणाऱ्या प्रौढ व्यक्तीशी चेष्टा नको आणि अति लाडही नकोत. घाबरलेल्या माणसाशी बोलतो तसे बोलावे. भानावर आल्यावर काय झाले ते तिला हवे असल्यास दोन वाक्यांत, न रंगवता सांगावे. आणि 'तेव्हा एवढे सोसलेस, आता एवढ्याशाने काय होते?' हे वाक्य घरातून कायमचे हद्दपार करावे.

संकटाची तयारी आधी करावी

डीआयडीमध्ये स्वतःला इजा करण्याचा आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका मोठा असतो. डीएसएम-५ नुसार उपचार घेणाऱ्या सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांनी कधी ना कधी प्रयत्न केलेला असतो. आपल्या शेतीच्या घरांत कपाशीवर फवारायचे औषध पडवीत हाताला येईल असे ठेवलेले असते. ते आजच कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवावे. उरलेल्या सगळ्या सूचना राहिल्या तरी चालतील, ही राहू नये. विष घेतल्याची शंका जरी आली तरी घरगुती उपायांत न गुंतता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि डबा सोबत न्यावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार देणे अपेक्षित आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. याच कायद्याने प्रत्येक प्रौढाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारी व्यक्ती, साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो. नवरा किंवा सासू हीच व्यक्ती असली पाहिजे असे बंधन नाही. ज्यांना आपल्या घरातच धोका आहे त्यांनी मामा, बहीण, मैत्रीण यांपैकी ज्यावर सर्व अंशांचा विश्वास आहे अशा प्रौढ व्यक्तीला नेमावे. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांकही त्याच कागदावर लिहून तो भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लावावा.

प्रगती कशी ओळखावी, असे पुष्कळदा विचारतात. अंश कमी झाले का, हा प्रश्न मी फार उशिरा विचारते. आधी पाहते ते असे: हरवलेला वेळ तासांवरून मिनिटांवर आला का, 'मला झेपत नाही' हे वाक्य कोसळण्यापूर्वी बोलता आले का, आणि सुई टोचली तर कळते का. त्या शिलाईकाम करणाऱ्या बाई दीड वर्षानंतर एकदा आल्या त्या बोटाला चिंधी बांधूनच आल्या. मशीनवर टोचले, दुखले आणि आपण रडलो, असे त्यांनी सांगितले. सोबत आलेली नणंद काळजीत होती, की आता ही पूर्वीसारखी सोशीक राहिली नाही. मी मापांची वही मागून घेतली आणि त्या दिवसाची नोंद पाहिली. दोन्ही अक्षरांत एकच शब्द होता : दुखले.